झोप यावी म्हणून रात्री काय खावं?

प्रश्न असा आहे: रात्रीचं जेवण सातच्या सुमारास होतं. अंथरुणाला पाठ टेकायला साडेअकरा वाजतात, डोळा लागायला तासभर जातो आणि पहाटे तीनच्या आसपास टक्क जाग येते. दहा वाजता काहीतरी तोंडात टाकावंसं वाटतं, तेव्हा बिस्किटं किंवा डार्क चॉकलेट खाल्लं जातं. झोपेसाठी गरम दूध, केळं, बदाम, किवी, चेरीचा रस यांतलं नेमकं काय घ्यावं? त्यानं खरंच फरक पडतो का? की सरळ मेलाटोनिनच्या गोळ्या घ्याव्यात?

फरक पडतो, पण लहान. आणि तो पदार्थाच्या नावापेक्षा त्याच्या वेळेमुळे आणि मापामुळे जास्त पडतो. रात्रीच्या खाण्याकडून मी दोनच अपेक्षा ठेवते. भुकेमुळे झोप अडू नये आणि भरल्या पोटामुळे ती मोडू नये. या दोन टोकांच्या मधली जागा सापडली की दूध घ्यावं की दही, केळं की किवी, हा प्रश्न बराच मागे पडतो. आहारतज्ज्ञ म्हणून लोकांच्या खाण्याच्या नोंदी वाचताना मला एक गोष्ट सतत दिसते. माणसं झोप आणणारा पदार्थ शोधत राहतात आणि झोप घालवणारा पदार्थ रोज संध्याकाळी पोटात जातच राहतो. म्हणून दोन्ही बाजू बघू.

तुमच्या बाबतीत माझा पहिला संशय साध्या भुकेवर आहे. सातला जेवण आणि साडेअकराला झोप, म्हणजे मध्ये साडेचार तास. हलकं जेवण इतक्या वेळात पोटातून बरंचसं पुढे गेलेलं असतं. दहा वाजता लागणारी भूक ही चटक आहे असं समजून स्वतःला दोष देऊ नका, ती बहुधा खरी भूक आहे. मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागात काही पेशी ओरेक्सिन नावाचं रसायन तयार करतात. ते 1998 मध्ये सापडलं. आपल्याला जागं आणि सावध ठेवणं हे त्याचं मोठं काम, आणि या पेशी नष्ट झाल्या की नार्कोलेप्सी हा भरदिवसा झोप येण्याचा आजार होतो. प्राण्यांवरच्या प्रयोगांत असं दिसलं की आजूबाजूची ग्लुकोज वाढली की या पेशी शांत होतात आणि ती घटली की चेततात. निसर्गाच्या दृष्टीनं ते बरोबरच आहे, उपाशी प्राण्यानं झोपून जाण्यापेक्षा जागं राहून अन्न शोधलेलं बरं. रिकाम्या पोटी अंथरुणावर पडून कूस बदलत राहणाऱ्या माणसाला झोप न येण्यामागे हे एक कारण असू शकतं.

मग दहा वाजता खायचं ते किती? साधारण 150 ते 200 किलोकॅलरी. कपभर दूध आणि सात-आठ बदाम, किंवा एक मध्यम केळं आणि लहान वाटीभर दही, किंवा 30 ग्रॅम ओट्स थोड्या दुधात शिजवून, किंवा एक टोस्ट आणि एक उकडलेलं अंडं. यांतलं कुठलंही चालेल. त्यात थोडा पिष्टमय भाग असावा, थोडी प्रथिनं असावीत, तळलेलं नसावं आणि गोड फार नसावं. झोपण्याच्या तास-दीड तास आधी ते संपवावं. इतकं लहान खाणं निरोगी माणसाच्या झोपेला किंवा वजनाला बाधतं असं दिसत नाही, अट एवढीच की ते दिवसभराच्या हिशेबात धरलेलं असावं.

आता दुधाकडे येते, कारण सगळ्यात जास्त विचारलं जातं ते त्याच्याविषयी. दूध, केळं, अंडं, सुकामेवा या सगळ्यांबद्दल एकच कारण सांगितलं जातं, ते म्हणजे ट्रिप्टोफॅन. हे एक अमिनो आम्ल आहे. शरीर ते तयार करू शकत नाही, अन्नातूनच मिळवावं लागतं. त्यापासून मेंदूत सेरोटोनिन हे रसायन तयार होतं आणि सेरोटोनिनपासून पुढे पिनियल ग्रंथीत मेलाटोनिन, म्हणजे रात्र झाल्याचा निरोप शरीराला देणारं संप्रेरक. साखळी अगदी खरी आहे. अडचण प्रमाणाची आहे आणि प्रवेशाची आहे.

प्रमाण आधी पाहा. कपभर दुधात ट्रिप्टोफॅन जास्तीत जास्त 100 मिलिग्रॅमच्या आसपास असतं. झोप लवकर लागते का हे तपासणाऱ्या जुन्या प्रयोगांमध्ये शुद्ध ट्रिप्टोफॅन 1 ग्रॅम किंवा त्याहून जास्त दिलं जायचं, म्हणजे जवळपास दहा कप दुधाइतकं. मध्यम केळ्यात तर ते दहा-बारा मिलिग्रॅमच असतं.

प्रवेशाची गोष्ट त्याहून महत्त्वाची. रक्तातून मेंदूत शिरताना ट्रिप्टोफॅनला ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन, टायरोसिन, फेनिलअॅलनिन अशा इतर मोठ्या अमिनो आम्लांबरोबर एकाच वाहकावर अवलंबून राहावं लागतं. बसच्या दारात गर्दी झाली की काठावर उभा असलेला किरकोळ माणूस मागे राहतो, तसं त्याचं होतं, कारण बहुतेक प्रथिनांत त्याचं प्रमाण सगळ्यांत कमी असतं. म्हणून नुसती प्रथिनं भरपूर खाल्ली तर रक्तातलं ट्रिप्टोफॅन वाढूनही मेंदूला त्याचा वाटा वाढून मिळत नाही. जॉन फर्नस्ट्रॉम आणि रिचर्ड वर्टमन यांनी 1971 मध्ये उंदरांवर दाखवलेली गोष्ट उलटी वाटावी अशी होती. पिष्टमय आणि साखरयुक्त, प्रथिनं नसलेलं खाणं दिल्यावर मेंदूतलं सेरोटोनिन वाढलं. कारण असं की पिष्टमय पदार्थांमुळे इन्सुलिन स्रवतं, इन्सुलिनमुळे बाकीची स्पर्धक अमिनो आम्लं स्नायूंत ओढली जातात, ट्रिप्टोफॅन मात्र बरंचसं रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून मागे राहतं आणि त्याला वाट मोकळी होते.

ऐकायला हे फार सुंदर आहे. पण माणसाच्या रोजच्या खाण्यात थोडी जरी प्रथिनं असली तरी हा परिणाम बोथट होतो, आणि जवळजवळ सगळ्याच जेवणांत ती असतात. दुधाची स्थिती तीच आहे. त्यात ट्रिप्टोफॅन आहे, त्याचे स्पर्धकही आहेत. तेव्हा 'ट्रिप्टोफॅन आहे म्हणून दूध झोप आणतं' हे वाक्य मी स्वतः कुणाला सांगत नाही. दूध मात्र सांगते. ते पोटाला आधार देतं, पचायला बहुतेकांना सोपं जातं, त्यात कॅफिन नसतं, आणि रोज एका ठरावीक वेळी दिवे मंद करून शांत बसून प्यायलेला कोमट पेला हा झोपेआधीच्या शिस्तीचा भाग बनतो. या शिस्तीचं मोल मी खूप मानते. ज्यांना दुधातली साखर, लॅक्टोज, पचत नाही त्यांनी मात्र हट्टानं पिऊ नये. पोट फुगून, गॅस होऊन झोप बिघडेल. त्यांना दही अनेकदा सोसतं, कारण विरजणातले जिवाणू लॅक्टोज पचवायला मदत करतात.

केळं आणि किवी यांच्याबद्दल आणखी एक दावा तुमच्या वाचनात आला असेल, की त्यांच्यात तयार सेरोटोनिनच असतं. ते असतं हे खरं. पण खाल्लेलं सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरत नाही, मेंदूला ते स्वतःच बनवावं लागतं. केळं चांगलं आहे ते वेगळ्या कारणांनी. ते सोलून लगेच खाता येतं, माप आपोआप ठरलेलं असतं, छातीत जळजळ होणाऱ्यांनाही ते सहसा त्रास देत नाही.

किवीची गोष्ट थोडी जास्त रंजक आहे. तैवानमध्ये झालेल्या आणि 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात झोपेच्या तक्रारी असलेल्या 24 प्रौढांना चार आठवडे रोज झोपण्याच्या तासभर आधी दोन किवी दिली. डोळा लागायला लागणारा वेळ सुमारे 35 टक्क्यांनी घटला आणि एकूण झोप सुमारे 13 टक्क्यांनी वाढली. आकडे मोठे आहेत, म्हणूनच सावधपणे घ्यावे लागतात. माणसं थोडी होती आणि तुलनेसाठी किवी न खाणारा गट नव्हता. रोज रात्री ठरल्या वेळी काहीतरी शिस्तीनं करायला लागल्यामुळेही झोप सुधारू शकते. तरीही दोन किवी खाण्यात नुकसान काय? तंतू (फायबर) मिळतात, क जीवनसत्त्व भरपूर मिळतं, कॅलरी शंभराच्या आसपास. ज्यांना लॅटेक्सची किंवा किवीचीच अॅलर्जी आहे त्यांनी टाळावी, बाकीच्यांनी खुशाल करून पाहावी.

आंबट चेरीचा रस हा सध्या सर्वांत जास्त गाजलेला उपाय. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 20 निरोगी माणसांनी सात दिवस माँटमॉरेन्सी जातीच्या आंबट चेरीचा अर्क घेतला. त्यांची झोप सरासरी अर्ध्या तासानं वाढली आणि लघवीत मेलाटोनिनच्या खुणाही वाढल्या. निद्रानाश असलेल्या वृद्धांवरचे प्रयोग आणखी लहान आहेत, त्यांतही थोडा फायदा दिसतो. आता हिशेब करून पाहा. या चेरीत दर ग्रॅमला सुमारे 13 नॅनोग्रॅम मेलाटोनिन मोजलं गेलं आहे. अर्ध्या मिलिग्रॅमची लहानात लहान गोळी धरली तरी तेवढं मेलाटोनिन मिळवायला 37 किलोहून जास्त चेरी खाव्या लागतील. तेव्हा फायदा होत असलाच तर तो निव्वळ मेलाटोनिनमुळे नसावा. चेरीतली इतर रंगद्रव्यं ट्रिप्टोफॅनचं विघटन कमी करत असावीत असा एक विचार आहे. माझं मत विचाराल तर रस परवडत असेल, साखर न घातलेला मिळत असेल आणि मधुमेह नसेल तर दोन आठवडे घेऊन पाहायला हरकत नाही. पण दोन मोठे पेले रस म्हणजे बरीच साखर आणि बरंच पाणी, आणि पाण्यामुळे तीन वाजता उठावं लागलं तर कमावलेलं तिथेच गेलं.

बदाम, अक्रोड, भोपळ्याच्या बिया यांची शिफारस मॅग्नेशियमसाठी होते. मूठभर, म्हणजे 30 ग्रॅम बदामांत सुमारे 80 मिलिग्रॅम मॅग्नेशियम असतं आणि प्रौढांची रोजची गरज 310 ते 420 मिलिग्रॅमच्या दरम्यान असते. ज्यांच्या आहारात ते कमी आहे त्यांना भरून काढल्याचा उपयोग होईल. ज्यांच्यात आधीच पुरेसं आहे त्यांना आणखी घेतल्यानं जास्त झोप येईल असं मानायला भक्कम आधार नाही. कॅमोमाइल या फुलांचा चहा निरुपद्रवी आहे आणि कोमट काहीतरी हातात घेऊन बसण्याचं सुख देतो, त्यापलीकडे मी त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवत नाही. जायफळाबद्दल एक ताकीद देते. चिमूटभर चवीपुरतं ठीक, पण झोपेसाठी चमच्यानं घेऊ नका. पाच ग्रॅम किंवा त्याहून जास्त जायफळानं मळमळ, धडधड, भ्रम अशी विषबाधा होऊ शकते.

पिष्टमय पदार्थांविषयी एक अभ्यास मला फार आवडतो, कारण तो स्वच्छ आखलेला आहे. ऑस्ट्रेलियात 2007 मध्ये 12 निरोगी पुरुषांना झोपण्याच्या चार तास आधी भात आणि भाज्यांचं जेवण दिलं. एकदा पटकन साखर वाढवणारा जॅस्मिन तांदूळ, एकदा सावकाश साखर वाढवणारा लांब दाण्याचा तांदूळ. जॅस्मिन तांदळाच्या रात्री डोळा लागायला सरासरी 9 मिनिटं लागली, दुसऱ्या तांदळाच्या रात्री साडेसतरा. पण तेच जॅस्मिनचं जेवण चार तासांऐवजी तासभर आधी दिलं तेव्हा वेळ वाढून साडेचौदा मिनिटांपर्यंत गेला. पदार्थ तोच, माणसं तीच, फक्त घड्याळ बदललं.

यावरून रात्री गोड खावं असा अर्थ मात्र काढू नका. त्या पुरुषांना निद्रानाश नव्हता, आणि अभ्यास एकेका रात्रीचा होता. दीर्घकाळाचं चित्र वेगळं दिसतं. अमेरिकेत 50 हजारांहून अधिक रजोनिवृत्त स्त्रियांच्या आहाराच्या अभ्यासात ज्यांच्या खाण्यात वरून घातलेली साखर आणि मैद्यासारखी शुद्ध केलेली धान्यं जास्त होती त्यांच्यात निद्रानाश जास्त आढळला, आणि ज्या अख्खी फळं, भाज्या आणि तंतू जास्त खात होत्या त्यांच्यात कमी. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या 2016 च्या प्रयोगात 26 जणांना काही दिवस ठरवून दिलेलं, संपृक्त स्निग्ध कमी आणि प्रथिनं जास्त असलेलं जेवण दिलं आणि नंतर एक दिवस मनाला येईल ते खाऊ दिलं. ठरवून दिलेल्या जेवणानंतर डोळा लागायला सरासरी 17 मिनिटं लागली, मनमानी खाल्लं त्या रात्री 29. तंतू जास्त खाल्ले तेव्हा गाढ झोप जास्त, संपृक्त स्निग्ध जास्त तेव्हा गाढ झोप कमी आणि साखर जास्त तेव्हा मधेमधे जाग जास्त, असं त्यांना दिसलं. दहा वाजताची तुमची बिस्किटं म्हणजे मैदा, साखर आणि स्निग्ध यांचंच मिश्रण. मी प्रथम बदलेन ती बिस्किटं.

आणि ते चॉकलेट. गडद चॉकलेटच्या 30 ग्रॅममध्ये सुमारे 20 ते 25 मिलिग्रॅम कॅफिन असतं, म्हणजे चहाच्या अर्ध्या-पाऊण कपाइतकं, आणि वर थिओब्रोमिन हे त्याचंच भावंड त्याहून कितीतरी जास्त असतं. दिवसभर जागेपणी मेंदूत अॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि त्यामुळे डोळे जड होतात. कॅफिन अॅडेनोसिनची जागा अडवून बसतं, त्यामुळे थकवा असतो पण जाणवत नाही. कॅफिनचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला सरासरी पाच तास लागतात. पण माणसामाणसांत फरक मोठा आहे. धूम्रपान करणाऱ्यांत ते लवकर उतरतं, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत हा काळ जवळपास दुप्पट होतो, गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत त्याहूनही लांबतो. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात झोपण्याच्या सहा तास आधी घेतलेल्या 400 मिलिग्रॅम कॅफिननंही झोप तासाभराहून जास्त घटली. मोजणाऱ्या यंत्रानं ती घट पकडली, माणसांच्या स्वतःच्या नोंदीत मात्र ती नीट उमटली नाही. म्हणून 'मला कॉफीनं काही होत नाही' असं कुणी म्हणालं तरी मी त्यांना दोन आठवडे दुपारी दोननंतरचं कॅफिन बंद करून बघायला सांगते. चहा, कॉफी, कोला, एनर्जी ड्रिंक, चॉकलेट, आणि डोकेदुखीच्या काही गोळ्यासुद्धा. हा एकच बदल वर सांगितलेल्या कुठल्याही फळापेक्षा जास्त देऊन जातो, असा माझा अनुभव आहे.

दारूबद्दल थोडक्यात. ती झोप लवकर आणते, म्हणून फसवते. ती रक्तात असेपर्यंत स्वप्नांची झोप कमी होते, घोरणं वाढतं, आणि यकृतानं ती निकालात काढली की रात्रीच्या उत्तरार्धात झोप तुटक होते. पहाटे तीनची जाग येणाऱ्या माणसाला मी दारूबद्दल हमखास विचारते.

उशिरा आणि जड जेवणाचा त्रास पोटातून वर येतो. स्निग्ध जास्त असलं की पोट रिकामं व्हायला वेळ लागतो, आणि आडवं झाल्यावर आम्ल वर चढतं. प्रत्येकाला छातीत जळजळ जाणवेल असं नाही. काहींना फक्त खोकला, घशाशी आंबट येणं किंवा कारण न कळता जाग येणं एवढंच होतं. मुख्य जेवण आणि झोप यांत तीन तासांचं अंतर, डाव्या कुशीवर झोपणं आणि पलंगाची डोक्याकडची बाजू 15 ते 20 सेंटिमीटर उचलणं, या तीन गोष्टींनी पुष्कळांना आराम पडतो. नुसत्या उशा वाढवू नका, त्यानं पोट दुमडतं. फार तिखटाचंही बघा. 1992 मध्ये सहा तरुणांना संध्याकाळच्या जेवणात तिखट सॉस आणि मोहरी देऊन पाहिलं, तेव्हा त्यांना झोप लागायला वेळ लागला आणि रात्रीच्या पहिल्या भागात शरीराचं तापमान वाढलेलं राहिलं. झोप लागताना शरीर आतून थोडं निवावं लागतं, ते इथे अडतं.

पहाटेची जाग लघवीसाठी असेल तर फक्त पाण्याकडे बघू नका, मिठाकडेही बघा. जपानमध्ये रात्री वारंवार उठावं लागणाऱ्या लोकांचं मीठ दिवसाला 10.7 ग्रॅमवरून 8 ग्रॅमवर आणलं तेव्हा रात्रीच्या फेऱ्या सरासरी 2.3 वरून 1.4 वर आल्या. ज्यांचं मीठ वाढलं त्यांच्या फेऱ्याही वाढल्या. रात्रीच्या सूपमध्ये, चिप्समध्ये, खारवलेल्या दाण्यांमध्ये किती मीठ जातं याचा अंदाज आपल्याला नसतो. दिवसाचं पाणी दिवसाच पिऊन घ्यावं, झोपण्याआधीच्या दोन तासांत घोट-दोन घोट पुरे.

पाय वळवळतात, हलवल्याशिवाय चैन पडत नाही आणि संध्याकाळनंतर ते वाढतं, असं काही होत असेल तर रात्रीच्या खाण्यानं उपयोग होणार नाही. डॉक्टरांना सांगून रक्तातलं फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन, तपासून घ्या. या त्रासात शरीरातला लोहाचा साठा कमी असणं हे नेहमी सापडणारं कारण आहे, आणि हिमोग्लोबिन ठीक असूनही साठा कमी असू शकतो. लोहाच्या गोळ्या मनानं सुरू करू नका, जास्त लोहही घातक असतं.

मेलाटोनिनच्या गोळ्यांबद्दल विचारलंत. प्रवासामुळे वेळ उलटीपालटी झाल्यावर किंवा झोपेचं घड्याळच पुढे सरकलेलं असल्यास डॉक्टर त्या विचारपूर्वक देतात. पण अन्नपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांच्या दर्जावर माझा भरवसा नाही. कॅनडात 2017 मध्ये 31 उत्पादनं तपासली तेव्हा वेष्टनावर लिहिलेल्या प्रमाणापेक्षा 83 टक्के कमीपासून 478 टक्के जास्तपर्यंत मेलाटोनिन निघालं, आणि आठांत सेरोटोनिनही सापडलं. रक्त पातळ करणारी, फिट्सची, रक्तदाबाची औषधं चालू असतील तर विचारल्याशिवाय अजिबात घेऊ नका. शुद्ध ट्रिप्टोफॅनच्या गोळ्यांबाबतही तेच. 1989 मध्ये अशा गोळ्यांतून पसरलेल्या स्नायू आणि रक्ताच्या गंभीर आजारानं अमेरिकेत पंधराशेहून अधिक लोक आजारी पडले होते आणि काही दगावले होते.

ज्यांना मधुमेह आहे त्यांच्यासाठी वरचं सगळं जसंच्या तसं लागू नाही. रात्री मेलाटोनिन चढलं की स्वादुपिंडातून इन्सुलिन कमी स्रवतं, त्यामुळे तेच खाणं सकाळपेक्षा रात्री साखर जास्त वाढवतं. उलट इन्सुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्यांची साखर मध्यरात्री 70 च्या खाली जाऊ शकते. रात्री घामानं भिजून उठणं, भयंकर स्वप्नं, सकाळी डोकं दुखणं ही त्याची लक्षणं. अशा वेळी झोपण्यापूर्वीचं खाणं हा उपचाराचा भाग असतो आणि ते तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवायला हवं. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी केळी, किवी, सुकामेवा, चेरीचा रस यांतलं पोटॅशियम लक्षात घ्यावं.

तुम्ही काय करावं ते आता सांगते. सातचं जेवण तसंच ठेवा, पण त्यात भाज्या आणि डाळ, कडधान्य, मासे किंवा अंडी यांपैकी एखादं प्रथिन पुरेसं घ्या आणि पिष्टमय भाग काढून टाकू नका. वजनासाठी रात्रीचा भात किंवा ब्रेड पूर्ण बंद करून नंतर दहा वाजता बिस्किटांवर तुटून पडणारी माणसं मी फार पाहते. दुपारी दोननंतर कॅफिन नको, चॉकलेट खायचंच तर दुपारच्या जेवणानंतर. दहा वाजता ओट्स आणि दूध, किंवा केळं आणि दही, एकच ठरवून रोज तेच. सगळे बदल एकदम केले तर कशानं गुण आला ते कळणार नाही, म्हणून आधी दोन आठवडे कॅफिनचा आणि बिस्किटांचा बदल, मग हवं असेल तर किवी. शेवटचा घास कधी, काय, दिवे कधी मालवले, अंदाजे केव्हा झोप लागली, किती वेळा उठावं लागलं, एवढं वहीत लिहा. घड्याळ मात्र उशाशी ठेवू नका, सकाळी आठवेल तसं लिहिलेलं पुरतं.

पहाटे तीनला जाग आली तर खाऊ नका. हे मी आवर्जून सांगते, कारण तेव्हा खाल्लेलं दूध-बिस्किट त्या रात्रीपुरतं बरं वाटतं आणि काही आठवड्यांत शरीराला त्या वेळी खाण्याची सवय लागते. वीसेक मिनिटं झोप येत नाही असं वाटलं तर उठून दुसऱ्या खोलीत मंद उजेडात शांतपणे बसा, डोळे जड झाले की परत या. रात्री खाल्ल्याशिवाय पुन्हा झोपच लागत नाही, दिवसाच्या कॅलरींपैकी पाव हिस्सा किंवा त्याहून जास्त रात्रीच्या जेवणानंतर जातो आणि सकाळी भूक नसते, असं होत असेल तर तो रात्री खाण्याचा एक ओळखला गेलेला विकार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. झोपेच्या काही गोळ्यांमुळे लोक अर्धवट झोपेत उठून खातात आणि सकाळी त्यांना आठवत नाही. स्वयंपाकघरात अशा खुणा दिसल्या तर गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना लगेच कळवा.

आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री, असं तीन महिने किंवा त्याहून जास्त चाललं असेल तर तो दीर्घकालीन निद्रानाश आहे. त्यावर पहिला उपचार म्हणून अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेनं 2016 मध्ये निद्रानाशासाठीची वर्तन-विचार उपचारपद्धती सुचवली आहे, गोळ्या त्यानंतर. आहार तिला साथ देतो, तिची जागा घेत नाही. आणि घरातल्या कुणी सांगितलं की तुम्ही मोठ्यानं घोरता, मधेच श्वास थांबतो आणि मग दचकून श्वास घेता, किंवा रात्रभर झोपूनही दिवसा गाडी चालवताना डुलकी येते, तर वही भरायची वाट न बघता झोपेच्या तपासणीसाठी जा.